इंजिनिअरने पुढारी कसे व्हावे? (फक्त वर्धा जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी)

पात्रता तीनच. बी.ई.ची पदवी, जिल्ह्याच्या मतदारयादीत नाव आणि भरपूर रिकामा वेळ. पदवी आणि रिकामा वेळ या गोष्टी आपल्याकडे बहुधा एकाच माणसाजवळ सापडतात, त्यामुळे उमेदवारांची वाण पडणार नाही. डिप्लोमावाल्यांनी निराश होऊ नये. पुढे वाचल्यावर लक्षात येईल की या धंद्यात बी.ई. आणि डिप्लोमा यांत काडीचाही फरक पडत नाही.

कृती चिनी आहे. चीनच का, असं चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तर हे उत्तर द्यावं: २००२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपली सर्वोच्च स्थायी समिती बसवली, तेव्हा तिचे नऊच्या नऊ सभासद इंजिनिअरिंग शिकलेले होते. नऊ इंजिनिअर एका टेबलाभोवती बसलेत आणि त्यातला एकही नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेला नाही, असं दृश्य वर्धेकराने आयुष्यात पाहिलेलं नसतं.

त्यातल्या पहिल्या खुर्चीवरच्या हू जिंताओ यांचा मार्ग नवशिक्यांना समजायला सोपा आहे. १९५९ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात जल अभियांत्रिकीला प्रवेश. शिकता शिकताच १९६४ मध्ये पक्षाचं सभासदत्व. १९६८ मध्ये रवानगी दूर गान्सू प्रांतात, होआंग हो नदीवरच्या ल्योच्याश्या धरणाच्या कामावर. तिथे आधी घरं बांधणाऱ्या तुकडीत, मग तंत्रज्ञ म्हणून. पुढे प्रांताच्या बांधकाम खात्यात. तिथे सोंग पिंग नावाच्या ज्येष्ठ नेत्याच्या नजरेत भरले आणि गाडी रुळावर आली. १९८५ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, गुइझोऊ प्रांताचे पक्षसचिव. १९८८ मध्ये तिबेटचे. १९९२ मध्ये स्थायी समिती, २००२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस.

इथे वही काढून दोन गोष्टी टिपाव्यात. पहिली, चिनी प्रांतात गव्हर्नर हा दोन नंबरचा माणूस. पक्षसचिव त्याच्या वर. सहीशिक्का एकाकडे आणि शब्द दुसऱ्याचा. ही गोष्ट वर्धेकराला समजावून सांगावी लागत नाही. पंचायत समितीच्या गाडीतून महिला सभापतींच्या आधी त्यांचे यजमान उतरताना आपण कित्येकदा पाहिलं आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: या सगळ्या प्रवासात हू यांना कुठल्याही मतदाराच्या दारात उभं राहावं लागलं नाही. पास-नापास करणारा परीक्षक कायम वर बसलेला होता. आपली कृती बिघडते ती नेमकी इथे. पण नवशिक्याला आधीच भीती घालू नये. पायऱ्या सुरू करू.

पायरी पहिली: धरण गाठा. जिल्ह्यात धरणांना तोटा नाही. सेलूकडे बोर आहे, आर्वीकडे धनोडीला निम्न वर्धा आहे, धाम आहे, पोथरा आहे. बोरला जाताना जरा जपून. २०१४ पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा ज्येष्ठ नेत्याच्या आधी वाघाच्या नजरेत भरण्याचा संभव जास्त. बाकीच्या ठिकाणी शाखा अभियंता भेटेल. त्याला 'साहेब, इथून पुढं प्रांताचा सचिव कसा होते?' असं विचारू नका. तो बिचारा स्वतःच्या बदलीच्या अर्जावर कुण्या भाऊंची शिफारस मिळते का, या विवंचनेत असतो.

धरणाच्या खात्यातून निघून निवडणुकीपर्यंत जाण्याची वाट महाराष्ट्रात खरोखर एकाने चालून पाहिली आहे, म्हणून तिची नोंद इथे केली पाहिजे. विजय पांढरे हे जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता. सिंचन प्रकल्पांच्या फुगलेल्या किमती आणि निकृष्ट कामं यांबद्दल त्यांनी २०१२ मध्ये राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली. विदर्भातल्या प्रकल्पांच्या वाढीव किमती हा त्या वादाचा गाभाच होता. पत्रांनी मंत्रालय हादरलं. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परतही आले. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. चितळेही इंजिनिअरच, आणि तेही जगात नावाजलेले. पांढरे यांनी नोकरी सोडली, आम आदमी पक्षात गेले, २०१४ ला नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. धरणावरचा इंजिनिअर तिकडे सरचिटणीस होतो, इकडे फार तर साक्षीदार होतो.

पायरी दुसरी: ज्येष्ठाच्या नजरेत भरा. सोंग पिंग आपल्याकडे मिळत नाहीत. त्यांच्या जागी महाराष्ट्रात वडील वापरतात.

पृथ्वीराज चव्हाण पिलानीच्या बिट्सचे मेकॅनिकल इंजिनिअर. पुढे अमेरिकेत बर्कलेला शिकले, तिथे नोकरी केली, परत आले. १९९१ मध्ये कराडमधून लोकसभेत गेले. त्या जागेवरून आधी वडील आनंदराव चव्हाण निवडून येत आणि त्यांच्यानंतर आई प्रेमलाकाकी. जयंत पाटील व्हीजेटीआयचे सिव्हिल इंजिनिअर. अमेरिकेत पुढचं शिक्षण चालू होतं. १९८४ च्या जानेवारीत वडील राजारामबापू गेले आणि मुलाला परतावं लागलं. १९९० पासून ते विधानसभेत आहेत. या सिव्हिल इंजिनिअरने नऊ वर्षं राज्याचा अर्थसंकल्प मांडला, गृह खातं सांभाळलं, आणि पाण्याचं खातं त्यांच्याकडे आलं ते आमदारकीला जवळपास तीस वर्षं झाल्यावर. पदवी आणि खातं यांची गाठ पडायला लागणारा हा वेळ नवशिक्याने हिशेबात धरावा.

वडिलांची तयार जागा नसलेलं ठळक उदाहरण म्हणजे मनोहर पर्रीकर. आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे पदवीधर, १९७८ ची बॅच. २००० मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा भारतातल्या कुठल्याही राज्याच्या मुख्यमंत्रिपदी बसलेले ते पहिले आयआयटीयन ठरले. त्यांच्यामागे घराणं नव्हतं, संघाची शाखा होती. तेव्हा साहित्याच्या यादीत 'वडील किंवा शाखा' अशी नोंद करून ठेवा. दोन्ही नसतील तर पुढची पानं वाचण्यात वेळ जाईल, पण तो तुमच्याकडे आहेच.

एक सूचना. इंजिनिअरला फाइल वाचण्याची खोड असते. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना शरद पवारांनी कुणाचंही नाव न घेता, फाइलीवर सही करताना हाताला लकवा भरतो की काय, अशी शंका जाहीरपणे बोलून दाखवली होती. रोख कुणाकडे आहे हे राज्यात सगळ्यांना समजलं. वाचल्याशिवाय सही करू नये हे कॉलेजात शिकवलेलं असतं. ते पदवीच्या प्रमाणपत्रासोबत घरी कपाटात ठेवून यावं.

आता वर्ध्याचा इतिहास. इथल्या मतदाराने लोकसभेत कुणाकुणाला पाठवलं ते पाहा. १९५२ ला श्रीमन्नारायण, वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य आणि गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ. मग तीनदा कमलनयन बजाज, उद्योगपती. तीनदा वसंत साठे, वकील. त्यांना १९९१ मध्ये पाडणारे रामचंद्र घंगारे, मार्क्सवादी कम्युनिस्ट. प्रभा राव. दत्ता मेघे. दोनदा रामदास तडस, देवळीचे विदर्भ केसरी पैलवान. आणि २०२४ ला अमर काळे, आर्वीचे, ज्यांचे वडील शरदराव काळे तिथले आमदार होते. प्राचार्य चालला, कारखानदार चालला, कॉम्रेड चालला, पैलवान चालला. इंजिनिअरिंगच्या पदवीवर कुणी इथे मत मागितल्याचं मला आठवत नाही. गंमत अशी की वर्ध्याच्या खासदाराने केलेलं सर्वांत तांत्रिक काम एका वकिलाच्या नावावर आहे: साठे माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि त्यांच्याच काळात, १९८२ मध्ये, देशाचा टीव्ही रंगीत झाला. त्यासाठी त्यांना सर्किट जोडता यावं लागलं नाही. नको म्हणणाऱ्या लोकांशी वाद घालता यावा लागला.

पायरी तिसरी: कॉलेजात जा. ही पायरी चिनी पुस्तकात पहिली आहे. आपण ती तिसरी ठेवली, कारण वर्ध्यात ती उलटी चढायची असते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर इंजिनिअर व्हायचं तर मोजकी सरकारी कॉलेजं होती आणि तिथे मार्क लागत. नंतर मार्कांसोबत शेत लागू लागलं. फी भरण्यासाठी विकायला. सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय हे त्याच लाटेतलं. आता सेवाग्राम म्हटल्यावर थोडं थांबलं पाहिजे. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम जन्माला आली. सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून द्यायचं, मुलाच्या हाताने केलेल्या कामातून शाळेचा खर्चही बराचसा निघावा, अशी कल्पना होती. अर्ध्या शतकाच्या आत त्याच गावात शाळेचा खर्च मुलाच्या बापाच्या हातून काढण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही योजनांचा उगम वर्ध्याच्या मातीतला आहे असं मी म्हणणार नाही, पण पत्ता एकच आहे.

तर उलटी पायरी अशी: इंजिनिअर होऊन पुढारी होण्याऐवजी पुढारी होऊन इंजिनिअर तयार करावेत. या विद्येचे जिल्ह्यातले सर्वांत यशस्वी गृहस्थ दत्ता मेघे. पवनारला, म्हणजे विनोबांच्याच गावात, १९३६ मध्ये जन्म. १९८४ मध्ये नागपूरला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९० मध्ये वर्ध्याजवळ सावंगीला जवाहरलाल नेहरूंच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय. सावंगीचं रुग्णालय आज जिल्ह्याबाहेरच्या लोकांनाही माहीत आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडून माणसं तिथे येतात, आणि ही गोष्ट थट्टेच्या लेखातही मान्य केली पाहिजे.

त्यांच्या कारकिर्दीत चिनी कृतीचा एक अंश मात्र अस्सल उतरला आहे. चिनी पक्ष आपल्या माणसाला गान्सूतून गुइझोऊला आणि गुइझोऊतून तिबेटला हलवतो. मेघे १९९१ मध्ये नागपूरचे खासदार होते, १९९६ मध्ये रामटेकचे, १९९८ मध्ये वर्ध्याचे. मग २००२ पासून राज्यसभेत, आणि २००९ मध्ये पुन्हा वर्ध्याचे. तिकडे बदलीचा हुकूम पक्ष काढतो आणि पक्ष एकच असतो. इकडे पक्षाचीही बदली करता येते: काँग्रेस, राष्ट्रवादी, परत काँग्रेस, आणि २०१४ मध्ये भाजप. आमच्याकडचे जुने कार्यकर्ते हे सांगताना कुत्सितपणे हसत नाहीत. 'भाऊ जिकडं, गाडी तिकडं,' एवढंच म्हणतात आणि पेट्रोलची चिठ्ठी मागतात.

यावर कुणी हुशार नवशिका म्हणेल, मग चिनी प्रांतिक नेत्याचा वर्ध्यातला खरा जुळा भाऊ कोण? तो सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात राहतो. जिल्हाधिकारी. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मग लोकसेवा आयोगाची परीक्षा दिलेले जिल्हाधिकारी देशभर शेकड्यांनी सापडतील. परक्या जिल्ह्यात नेमणूक, वरून आलेला हुकूम, दोन-तीन वर्षांत बदली, एका पायरीवरून दुसरीवर, कामाचा अहवाल वरच्याकडे. चीनमध्ये माणसाला त्याच्या गावी मोठं पद देऊ नये असा संकेत आहे. आपल्याकडे हा संकेत फक्त नोकरशाहीला लागू आहे. पुढाऱ्याला नेमका उलटा. त्याला गावचाच असावं लागतं, आणि आजोबांचं गाव निराळं निघालं तर विरोधक ते प्रचारात काढतात. चीनने जिल्हाधिकारी आणि खासदार हे दोघे एकाच माणसात कोंबले. आपण त्यांना वेगळं ठेवलं आणि समोरासमोर बसवलं. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत एकजण नियम सांगतो, दुसरा मतदार सांगतो, आणि नालीचं काम या दोघांच्या मध्ये अडकतं. मला विचाराल तर ही अडचण परवडली. एकाच माणसाला दोन्ही कळलं की नाली लवकर होते खरी, पण ती कुणाच्या घरावरून जाईल हे विचारायची सोय राहत नाही.

असा जिल्हाधिकारी होण्यासाठी वर्ध्यातले हजारो अभियंते चौथ्या पायरीवर थांबून आहेत. ती म्हणजे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. तिथे शांतता असते, पंखा असतो, आणि 'पुढच्या वर्षी जाहिरात येणार आहे' ही बातमी असते.

पायरी पाचवी हीच खरी शिडी आहे आणि तिच्याकडे नवशिक्याने नीट लक्ष द्यावं. महाराष्ट्र शासनाकडे एक अधिकृत पद आहे: सुशिक्षित बेरोजगार अभियंता. ही थट्टा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात तशी नोंदणी होते, प्रमाणपत्र मिळतं, आणि छोट्या रकमेची सरकारी कामं निविदेच्या फेऱ्यात न घालता वाटताना एक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना, एक खुल्या कंत्राटदारांना आणि एक या अभियंत्यांना ठेवलेला असतो. काम वाटप समिती बसते. कामं बहुतेक ठरलेली: सिमेंट रस्ता, समाजमंदिराची संरक्षक भिंत, शाळेच्या खोलीची दुरुस्ती, नाली, पांदण रस्ता. इथे चीनचा ल्योच्याश्या धरणाचा टप्पा प्रत्यक्षात येतो, फक्त धरणाच्या जागी दीडशे मीटर नाली असते.

नालीवर उभं राहिल्यावर राजकीय शिक्षण आपोआप होतं. मोजमाप पुस्तिका कुणाच्या टेबलावर किती दिवस राहते, बिल मार्चअखेरीस का निघतं, सरपंच उद्घाटनाला कुणाला बोलावतो, कुदळ मारताना फोटोत कोण पुढे घुसतं, हे सगळं त्सिंगहुआत शिकवत नाहीत. पहिल्या कामावर एखादी म्हातारी विचारेल, 'इंजिनेर हायेस ना तू? मंग पाणी तिकडून इकडं काहून येऊन राहिलं?' तिला उतार, पातळी, प्राकलन यांतलं काही सांगू नका. 'माय, करून देतो' म्हणा, आणि खरोखर करून द्या. जो करून देतो तो पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो. जो समजावून सांगत बसतो त्याला लोक 'सर' म्हणू लागतात, आणि सर म्हटला की माणूस निवडणुकीतून बाद.

त्यानंतरचा रस्ता सर्वांना पाठ आहे: ग्रामपंचायत, सेवा सहकारी सोसायटी, बाजार समिती, जिल्हा परिषद. हिंगणघाटची बाजार समिती कापसासाठी साऱ्या विदर्भात नाव असलेली; तिथला संचालक आणि पुण्याच्या कंपनीतला सीनियर इंजिनिअर एका लग्नात भेटले तर नवरदेवाचा बाप कुणाला आधी खुर्ची देतो ते पाहावं. इथे जे गणित लागतं ते कुणबी किती, तेली किती, बौद्ध किती, आदिवासी किती, आणि त्यातले रागावलेले किती, एवढंच. त्यासाठी इंजिनिअरिंगच्या गणिताचा एम-थ्री हा पेपर सुटलेला असण्याची गरज नाही.

ज्यांना ही शिडी नको त्यांच्यासाठी एक पर्यायी कृती आहे. ती फक्त एकदाच जमली.

मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा पोलिश ज्यू, विजेचा इंजिनिअर. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्याला बोलावलं आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याची जबाबदारी दिली. तिथून तो भगवी कफनी घालून भारतानंद झाला आणि गांधीजींकडे आला. सूत कातण्याची धनुष तकली त्याच्या डोक्यातून निघाली. सोपी, स्वस्त, कुणालाही करता येईल अशी. औंधच्या राजांचा मुलगा अप्पासाहेब पंत याच्याशी त्याची दोस्ती जमली. औंध म्हणजे बहात्तर गावांचं संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. फ्रीडमनने त्यांच्या गळी उतरवलं की सत्ता लोकांना देऊन टाका. १९३८ मध्ये तसा जाहीरनामा झाला, मसुदा घेऊन मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे आली, त्यात गांधीजींनी ग्रामपंचायतींवर उभं असलेलं राज्य घातलं, आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची राज्यघटना अमलात आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत त्याच प्रयोगातली; 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची मूळ प्रेरणा तीच.

चिनी कृतीत इंजिनिअरला प्रांताची सत्ता मिळते. या कृतीत इंजिनिअरने एका राजाला सत्ता सोडायला लावली. तीही कशी, तर ना निवडणूक, ना पक्ष, ना पद. आज हे करायचं ठरवलं तर पहिली अडचण म्हणजे सत्ता सोडायला तयार असलेला राजा शोधणं. फ्रीडमन पुढे मुंबईत राहिला, खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद त्याने इंग्रजीत आणले आणि १९७६ मध्ये तिथेच गेला. वर्ध्यातल्या किती अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना त्याचं नाव माहीत असेल? सेवाग्राम आश्रमापासून कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून विचारतो.

आता काही किरकोळ शंका.

चिनी राजकारण जेवणावळीत आणि माओताई दारूच्या पेल्यात चालतं असं ऐकलं, इथे काय करावं? चीनमध्येही २०१२ नंतर शी जिनपिंग यांनी सरकारी मेजवान्यांवर बंधनं आणली. वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, त्यामुळे कार्यकर्त्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी द्यावी. बाकीची व्यवस्था कार्यकर्ते स्वतः करतात, असं म्हणतात.

चिनी भाषा यावी लागते का? नाही. तरीही हौस असेल तर वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात ती शिकता येते. आणि चीनचा आपला संबंध अगदीच नाही असं समजू नका. १९४२ च्या फेब्रुवारीत च्यांग कै-शेक यांना गांधीजींना भेटायला वर्ध्याला यायचं होतं. ब्रिटिश सरकारला ते नको होतं. शेवटी गांधीजीच कलकत्त्याला गेले. चिनी सत्ताधीश जिल्ह्यात पाय ठेवता ठेवता राहिला तो असा.

तिकडे आता तरी इंजिनिअरांचे दिवस संपले का? नाहीत. मधली काही वर्षं वकील, अर्थशास्त्रवाले पुढे आले होते. अलीकडे अवकाश आणि संरक्षण उद्योगातले तंत्रज्ञ प्रांतांत नेमले जातात. शेनझोऊ अवकाशयानाच्या कामातून वर आलेले युआन ज्याजुन आधी झेजियांगचे आणि मग चोंगचिंगचे पक्षसचिव झाले. आपल्याकडे अवकाशातून थेट जिल्हा परिषदेत उतरायची सोय अजून झालेली नाही.

पदवीला किंमत असलेली एकही निवडणूक नाही का? आहे, आणि ती आपल्या दारात आहे. विधान परिषदेचा नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. नितीन गडकरी १९८९ पासून इथून निवडून येत. २०२० मध्ये काँग्रेसच्या अभिजित वंजारी यांनी भाजपचा हा जुना गड घेतला. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली की अर्ज क्रमांक १८ भरून तुम्ही मतदार होता. उमेदवारासाठी मात्र पदवीची अट नाही. तो राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला की पुरे. पदवीधरांच्या जागेवर बिगरपदवीधर उभा राहू शकतो, ही तरतूद ज्याने लिहिली त्याला वर्धा जिल्हा चांगला माहीत असावा.

जाहीरनाम्यात काय घालावं? इंजिनिअर म्हणून तुम्हाला नवीन कल्पना सुचतील. त्या बाजूला ठेवा. पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वे ब्रॉडगेज करणार, हे वाक्य वर्षानुवर्षं वापरात असूनही अजून नवं वाटतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग मात्र घालताना काळजी घ्या. त्याचा वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये खरोखर सुरू झाला आहे, आणि झालेल्या कामाचं आश्वासन देता येत नाही. शक्तिपीठ महामार्गाबद्दल बोलायचं तर आधी कुठल्या गावात उभे आहात ते पाहा. तो पवनारहून गोव्याच्या पत्रादेवीला जाणार आहे. ज्याची जमीन जाणार आणि ज्याचं दुकान फाट्यावर येणार, त्या दोघांना एकच भाषण चालत नाही.

शेवटी उमेदवारी अर्ज. वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी यांपैकी विधानसभेच्या कुठल्याही जागेला अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. लोकसभेला पंचवीस आणि साडेबारा. एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर ती सरकारजमा होते. सोबत नमुना २६ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. त्यात आधी तुमच्यावरचे गुन्हे विचारतात, मग मालमत्ता, मग कर्ज आणि थकबाकी, मग व्यवसाय. शिक्षणाचा रकाना या सगळ्यांच्या मागे आहे. तिथे पदवीचं पूर्ण नाव, कॉलेज, विद्यापीठ आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष स्वच्छ अक्षरात लिहा. चार वर्षांत एखादा विषय राहिला असेल आणि पदवी हातात नसेल तर 'बारावी' लिहा. खोट्या माहितीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि बारावी लिहिल्याने इथे आजवर कुणाचं मत कमी झालेलं नाही.